जिन्यातला दिवा राहू दे

बाबांचा उजवा हात छातीपासून वर उठला, पंजा उघडला आणि तिथंच थांबला. ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढलेला, डोळे सरळ माझ्याकडं, आणि मागं पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेली सिस्टर. मग स्क्रीनच्या मधोमध ते मेलं चक्र फिरायला लागलं.

"गेलं परत!" मी ओरडले.

आईला ऐकू येत नाही, पण माझं तोंड बघून तिला कळलं. तिनं स्क्रीनवर, बाबांच्या थांबलेल्या हातावर, आपला हात ठेवला. तेवढ्यात चित्रही गेलं आणि नुसती काळी चौकट उरली.

आमच्या घरात ऐकणारी-बोलणारी मी एकटी. आईबाबा दोघंही जन्मापासून ऐकत नाहीत, बोलत नाहीत. हातानं बोलतात. त्यामुळं तिघांच्या वाटणीचं मी एकटीच बडबडते, असं लोक म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. बाबांनी माझं हातानं ठेवलेलं नावच तसं आहे, हनुवटीखाली बोटं टकटक हलवायची. म्हणजे चालू तोंड.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतली ही गोष्ट. आम्ही इचलकरंजीला. बाबा पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग बिघडला की नीट करणारा माणूस. त्यांना दम लागायला लागला तेव्हा गावात बेड मिळाला नाही, सांगलीला न्यावं लागलं. मग आमचीही तपासणी झाली आणि आई आणि मी दोघी पॉझिटिव्ह निघालो. त्रास फारसा नव्हता, पण दारावर नगरपालिकेचा कागद चिकटला. बाहेर पाऊल टाकायचं नाही, आत कुणी यायचं नाही. बाबा तिकडं एकटे आणि त्यांची भाषा कळणाऱ्या आम्ही दोघी इथं कोंडलेल्या.

मोबाईल वाजला. सिस्टरच होती.

"लाईन कट झाली का हो?"

"झाली. परत लावा ना सिस्टर. ते काहीतरी सांगायला लागले होते."

"आत्ता नाही जमणार. वॉर्डात एकच फोन आहे, बाकीच्यांचे नातेवाईक पण थांबलेत. डॉक्टरांचा राउंड झाला की दुपारी एकदा लावते." मग तिचा आवाज खाली आला. "ताई, स्पष्टच सांगते. पेशंट अजिबात ऐकत नाहीत. लावलेला मास्क काढून टाकतात. आम्ही पळत जातो, लावतो, की परत काढतात. शेजारच्या पेशंटच्या पलंगाला हात घालतात, त्यांना त्रास देतात. डॉक्टर म्हणालेत, असंच चाललं तर हात बांधा."

"काय बांधा?"

"हात. पलंगाला. त्यांच्याच भल्यासाठी हो. मास्क निघाला की ऑक्सिजन पटकन खाली येतोय त्यांचा. उद्या काही झालं तर तुम्हीच आम्हाला विचारणार."

"अहो, ते हातानं बोलतात!"

"मला माहितीये. म्हणून तर सांगते, तुम्ही त्यांना समजवा. दुपारी लाईन तेवढी चालू ठेवा."

फोन ठेवला. हात बांधायचे! बोलत्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबतो का आपण, का तर तो ओरडतोय म्हणून? बाबांना आकडे येतात, सही येते, पण लिहिता-वाचता येत नाही. समोरच्याचे ओठ बघून थोडंफार ओळखतात, तर तिथं सगळ्यांची तोंडं झाकलेली. म्हणजे सांगलीच्या त्या वॉर्डात आमच्या बापाकडं राहिले होते फक्त दोन हात, आणि ते बघायला माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर. मोबाईलला आमच्याकडं स्वयंपाकघराच्या खिडकीत तेवढी रेंज येते. बोलणं होतं, पण व्हिडिओ लावला की नुसती भुताटकी दिसायची.

मी आईला सगळं हातानं सांगितलं. हात बांधणार हे सांगताना मी मनगटं एकमेकांवर ठेवली, तशी तिनं माझी मनगटं धरून वेगळी केली.

मग मी त्या इंटरनेटच्या मागं लागले. मोडेम बंद केला, चालू केला. वायर काढली, फुंकली, परत घातली. टोकं जुन्या टूथब्रशनं घासली. मोडेम कपाटावर ठेवून बघितला, खिडकीत ठेवून बघितला. कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं म्हणून फ्रिजसुद्धा बंद केला. मोडेमवर एक दिवा असतो, तो हिरवा असला की इंटरनेट आहे आणि लाल झाला की नाही. तो लालच. मधेच एकदा हिरवा झाला, मी "आलं!" म्हणून खुर्चीत बसते तोवर परत लाल.

कनेक्शन इरफान मुजावरचं. गल्लीतला केबलवाला, माझ्याच शाळेतला, मला चांगला दोन वर्षं धाकटा. त्याला फोन लावला.

"ताई, माझ्याकडं सगळं हिरवं दाखवायलंय."

"तुझ्याकडं हिरवं दाखवू दे नाहीतर पिवळं, माझ्याकडं लाल आहे!"

"संध्याकाळी येऊन बघतो की. दारातनंच बघतो, आत काय येत नाही."

"अरे संध्याकाळी चालतंच रे ते! मागच्या खेपेला तू संध्याकाळी आलास, सगळं चालू होतं, मलाच शहाणपण शिकवून गेलास. दिवसा बंद पडतं."

"दिवसा सगळे घरात हाईत ना आता, लोड येत असंल."

"बंद-चालू, बंद-चालू होतंय. लोड असा येऊन-जाऊन असतो काय?"

"मग कॉम्प्युटर गरम होत असंल. वल्ला कपडा ठेवा जरा वर."

"तुझ्या डोक्यावर ठेव!" म्हटलं आणि फोन आपटला. पालथ्या घड्यावर पाणी. एरवी मी त्याच्याशी अशी बोलत नाही, पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि माझं हे सगळं चाललेलं असताना आई बाहेरच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसलेली. आमच्यात दाराकडं पाठ करून कुणी बसत नाही. कारण बेल ऐकू येत नाही. आमच्या बेलला आवाजाऐवजी भिंतीवरचा बल्ब जोडलाय, तो लागला की कुणी आलं. बसल्या बसल्या आई एकदा दाराकडं बघायची, एकदा माझ्या टेबलाकडं. मला वाटलं, बिचारीला सुचत नाहीये काही.

मग तिनं माझी बाही ओढली.

"थांब ना आई," मी हातानंच म्हटलं.

तिनं परत ओढली. मोडेमकडं बोट केलं, मग दाराखालच्या फटीकडं. मूठ उघडली, मिटली. 'तो लागला, हा लागतो. तो विझला, हा विझतो.'

"काय विझतो?"

'जिन्यातला दिवा. फटीत उजेड दिसतो. उजेड गेला की तुझा हिरवा पण जातो.'

आमच्या बिल्डिंगला खेटूनच दुसरी बिल्डिंग झाली आणि जिन्याची खिडकी बुजली. तेव्हापासून भर दुपारी जिन्यात काळोख. कुणी वर जाताना खाली दिवा लावतं आणि वर चढतं.

मी म्हटलं, "आई, जिन्यातल्या दिव्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? तो सोसायटीचा दिवा, हे माझं इंटरनेट. मधे मधे नको ना."

तिनं माझ्या दंडावर चापट मारली. चांगली सणसणीत. 'बस. बघ.'

बसले. काही वेळ काहीच झालं नाही. मग जिन्यात चपला वाजल्या, कुणीतरी वर यायला लागलं. दाराखालची फट उजळली. मी मोडेमकडं बघितलं. लाल, लाल, मग लुकलुक झाली, आणि हिरवा! चपला वरच्या मजल्यावर गेल्या, दार लागलं. मग तळमजल्यावर कडी निघाल्याचा आवाज, सपाता घासत चार पावलं, आणि 'टक्'. फट काळी झाली. हिरव्याचा लाल झाला.

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी तिचे पायच धरायचे बाकी होते.

परत इरफानला फोन.

"इरफान, जिन्यात तुझा इंटरनेटचा डबा बसवलाय, त्याला लाईट कुठनं घेतलीस?"

"का हो ताई?"

"कुठनं घेतलीस ते सांग!"

"जिन्यातल्या दिव्याच्या वायरीतनंच मारली जोड पोरांनी. मीटरच्या बोर्डाला कुलूप असतंय, किल्ली मगदूमकाकांकडं. त्यांना विचारायला गेलो असतो तर नाहीच म्हणाले असते."

"अरे गाढवा, मग दिवा बंद केला की तुझा डबा बंद!"

"जिन्यातला दिवा कोण बंद करतंय हो ताई?"

"तू मगदूमकाकांना ओळखत नाहीस," मी म्हटलं.

आदगोंडा मगदूम. सूतगिरणीत आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, रिटायर झाले आणि आमच्या जिन्यातला दिवा सांभाळायला लागले. बटण एकच, तळमजल्यावर त्यांच्या दाराशेजारी. भिंतीवर लाल रंगानं लिहून घेतलंय, 'दिवा सर्वांचा आहे. गरज नसता बंद करावा.' कुणाची चूल पेटली नाही तरी त्यांना चालेल, पण दिवा उगाच जळलेला चालायचा नाही. सगळ्या बिल्डिंगला त्यांनी ओरडून ओरडून वळण लावलेलं. अंधार पडल्यावर मात्र स्वतः दिवा लावायचे आणि झोपायच्या वेळेपर्यंत ठेवायचे. इरफान यायचा तो नेमका त्याच वेळात.

आणि आमचा त्यांचा अबोला. तोही या दिव्यावरूनच. रविवारी संध्याकाळी बाबांचे मित्र यायचे, सगळे न ऐकणारे. आमच्या दोन खोल्यांत मावायचे नाहीत, म्हणून जिन्यात दिव्याखाली उभे राहून गप्पा मारायचे. आता त्यांच्या गप्पा म्हणजे हातावर हात आपटणार, हसताना घशातून आवाज येणार. मगदूमकाकांना ते खपायचं नाही. 'गप्पा घरात मारा' असं ते ओरडून सांगू शकत नव्हते, ऐकणार कोण? म्हणून खालून दिवा बंद करायचे. झालं! अंधारात हात दिसायचे नाहीत. अर्धी वाक्यं तिथंच मरायची. बाबा खाली जाऊन दिवा लावायचे, काका बंद करायचे. एकदा प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं तेव्हा मी मधे पडले आणि काकांना सगळ्या बिल्डिंगसमोर अशी काही झाडली, की त्यानंतर त्यांनी आमच्याकडं बघणंच सोडलं. ती मंडळीही यायची बंद झाली. मला त्याचा राग होता, आणि खरं सांगायचं तर तो राग मी छान जपून ठेवला होता.

अशा माणसाला आता विनवायचं होतं.

फोन लावला. खाली त्यांच्या घरात रिंग वाजलेली मला ऐकू येत होती. उचलला नाही. दुपारचं जेवण करायची वेळ झाली होती, सिस्टर आता कधीही फोन करणार. मी मास्क लावला, दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच खाली ओरडले.

"मगदूमकाका! ओ मगदूमकाका!"

कडी निघाली. "कोण हाय?"

"मी वृषाली. कबाड्यांची."

"दार उघडलंस काय म्हणून? कागद लावलाय न्हवं दाराला? आत हो आधी!"

"होते. तुम्ही जिन्यातला दिवा लावा, आणि लावलेला राहू दे."

"दिवसा?"

"हो, दिवसा."

"कशाला? चालायलंय कोण जिन्यातनं?"

"आमचं इंटरनेट त्या दिव्यावर चालतं."

खालून हसल्याचा आवाज आला. "मला येडं समजलीस काय गं? माझा नातू इंजिनेर हाय पुण्यात. इंटरनेट तारेतनं येतंय, दिव्यातनं नाही."

"काका, इरफाननं त्याच्या डब्याची वायर तुमच्या दिव्याच्या वायरीला जोडलीय. तुम्ही दिवा बंद केला की डबा बंद पडतो."

हे मी बोलायला नको होतं. खाली एकदम भडकाच उडाला.

"म्हणजे सोसायटीच्या लाईटची चोरी! बिनविचारता! बोलव त्या मुजावराला आत्ताच्या आत्ता. आधी ती वायर निघंल, मग बाकीचं!"

"काढा की! उद्या काढा, त्याला फासावर द्या, मी दोर आणून देते. पण आत्ता दिवा लावा!"

"नियम म्हणजे नियम. मागं तुझ्या बापालाही हेच सांगत होतो."

माझ्या ओठावर शिवी आली होती. खोटं कशाला बोलू? पण शिवीच्या जागी मला रडू फुटलं. दम लागला होता, कठडा धरावा तर बाहेर पाय टाकायची बंदी, म्हणून चौकट धरून उभी राहिले.

"काका, बाबांचे हात बांधणार आहेत."

खालून सपाता पायरीपर्यंत आल्या.

"कुणाचे?"

"बाबांचे. दवाखान्यात. मास्क काढतात म्हणून पलंगाला बांधणार. ते काहीतरी सांगायलेत आणि तिथं कुणाला कळंना झालंय. मी बघितलं तर मला कळंल. आणि मला दिसायचं तर तुमचा दिवा लागला पाहिजे. पाया पडते काका तुमच्या."

मी जन्मात कुणाला असं म्हटलं नव्हतं.

सपाता घासल्या. 'टक्'. जिना उजळला.

"दार लाव," खालून आवाज आला. "आणि बस जरा. दम लागलाय तुला."

आत आले तर आई मोडेमसमोर उभी. हिरवा. आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर बसलो. मला तो दिवा सोडून दुसरीकडं बघायचं धाडस होईना. किती वेळ तशा बसलो कोण जाणे. मग एकदाचा स्क्रीनवर कॉल आला.

चित्र उघडलं आणि आईच्या घशातून आवाज निघाला. तिचा आवाज मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकलाय.

बाबांचे दोन्ही हात बांधलेले होते. पांढऱ्या पट्टीनं, पलंगाच्या दोन बाजूंच्या दांड्यांना. तोंडावर मास्क, आणि डोळे इतके मोठे झालेले की मला ते ओळखूच येईनात.

"सिस्टर! हे काय केलंत? मी बोलणार होते ना त्यांच्याशी!"

"राउंड लवकर झाला हो. डॉक्टरांच्या समोरच त्यांनी मास्क काढला. मग बांधायलाच लागले."

"एक हात सोडा."

"ताई, मला परवानगी नाही."

"सिस्टर, तुमचं तोंड दाबून धरलं आणि विचारलं, काय होतंय, तर काय सांगाल? एक हात सोडा. उजवा. तुम्ही तिथंच उभ्या राहा. मास्कला हात लावला तर परत बांधा, मी एक शब्द बोलणार नाही."

ती दरवाज्याकडं बघत राहिली. मग फोन पलंगाच्या पायथ्याशी टेकवून वाकली. हातमोज्यांतून तिला गाठ सुटेना. आई खुर्चीच्या टोकावर, माझी बोटं तिच्या मुठीत.

हात सुटला. बाबांनी मनगट झटकलं. मी लगेच सांगितलं, 'मास्क काढू नका. काढला तर परत बांधतील. काय होतंय ते मला सांगा.'

त्यांनी मान हलवली, म्हणजे तसं नाही. मग बोट उचलून आपल्या डावीकडं दाखवलं, स्क्रीनच्या बाहेर. 'तो.'

'तो कोण?'

'शेजारचा. तो...'

आणि हात थांबला. चक्र फिरायला लागलं. मी मोडेमकडं बघितलं. लाल.

मी दाराकडं धावले, दार उघडलं. जिन्यात काळोख.

"काका! दिवा! दिवा गेला!"

खालून बाईचा घाबरलेला आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या गवळीवहिनी दूध आणायला निघाल्या होत्या. "अगं, मीच बंद केला. कुणीतरी दिवसाढवळ्या चालू ठेवला होता. काका ओरडतात ना मग सगळ्यांना."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मगदूमकाकांचं दार धाडकन उघडलं.

"कुणी बंद केला? आँ? मी लावलेला दिवा कुणी बंद केला?"

"अहो काका, तुम्हीच तर सांगता, दिसला की बंद करा म्हणून..."

"आज नाही सांगितलं! आज कुणी हात लावायचा नाही!" 'टक्'. उजेड आला. वाकून बघितलं तर काका भिंतीला पाठ लावून, बटणावर तळहात दाबून उभे. नाकाखाली सरकलेला मास्क, अंगात बनियन. "मी हितंच उभा हाय. जा तू. पळ!"

आत आले तर अजून लालच. तो डबा चालू व्हायला थोडा वेळ घेतो, तेवढा वेळ. मी हात जोडले कुणाला, मलाच माहीत नाही. आई मोडेमवर वाकून हातानं म्हणत होती, 'चल. चल. चल.' लुकलुक झाली. हिरवा. चक्र अजून एकदोनदा फिरलं आणि चित्र आलं.

सिस्टर वाकून बाबांचा उजवा हात परत दांड्याला बांधत होती.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. "लाईन गेली होती. मला अर्धंच कळलंय. सोडा, सोडा तो हात!"

"ताई, हातवारे करत परत त्या शेजारच्यावर चालले होते."

"त्याच्याबद्दलच सांगतायत काहीतरी! सोडा!"

तिनं हात सोडला आणि टेकवलेला फोन हातात घेतला. बाबा आता भरभर बोलायला लागले, एकाच हातानं, कारण दुसरा बांधलेला. मी बघत होते आणि जसं दिसेल तसं तोंडानं बोलत होते.

"शेजारचा माणूस. त्याच्या डोक्याशी बाटली आहे. पाण्याची. पाण्यात बुडबुडे येतात."

"ऑक्सिजनची बाटली," सिस्टर म्हणाली. "बरं, मग?"

"पलंगाचा दांडा वर केला की बुडबुडे थांबतात. खाली केला की येतात. नळी दांड्यात सापडते. तुम्ही येता, दांडा खाली घेता, त्याला बघता, बुडबुडे येतात, तो बरा होतो. जाताना तुम्ही दांडा परत वर करता. परत थांबतात. आत्ता थांबलेत. आत्ता नाहीत बुडबुडे. आत्ता बघा. आत्ता!"

शेवटचं 'आत्ता' बाबांनी पलंगावर हात आपटून म्हटलं. सिस्टरनं मान वळवून बघितलं. पुढच्या क्षणी तिच्या हातातला फोन बाबांच्या पलंगावर पडला आणि आम्हाला छत दिसायला लागलं. छत आणि एक बंद पंखा.

आता मला फक्त ऐकू येत होतं, आणि आईला तेही नाही. लोखंडाचा दांडा खाली आपटल्याचा आवाज. "डॉक्टर! डॉक्टर, इकडं या!" पळती पावलं. कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारत होतं, "काका, श्वास घ्या, मोठा घ्या." कुणी म्हणालं, "नळी पार चपटी झालीय हो." आई माझा खांदा हलवत होती, 'काय? काय?' आणि मी एकेक आवाज तिला हातानं सांगत होते. घाईत खूण चुकली की ती माझी बोटं धरून सरळ करायची, नीट सांग म्हणून.

मग छतासमोर बाबांचा हात आला. नुसता हात, चेहरा नाही. बोटांची टोकं खालून वर फुटत गेली. बुडबुडे आले.

आई खुर्चीतून उठली. फोनमधून बाबांना ती दिसत होती की नाही देव जाणे, पण तिनं स्क्रीनला नाक लावून दोन्ही हातांनी झापलं, 'मास्कला हात लावलास तर मी येऊन बांधीन!'

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला, स्वतःच्या मोबाईलवरून. तो पेशंट सावरला होता. बाबांचे दोन्ही हात तिनं सोडले होते. रडत होती बिचारी. दिवसभर एकटीनं वॉर्ड ओढत होती, तिला तरी किती डोळे असणार? मी म्हटलं, "सिस्टर, जेवून घ्या."

मगदूमकाका बटणावर हात ठेवून किती वेळ उभे होते, ते मला गवळीवहिनींनी नंतर सांगितलं. कॉल संपला हे त्यांना कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अंधार पडला तसे ते म्हणे आपोआप घरात गेले, कारण आता दिवा नियमानंच लागायचा होता. पुढं इरफानला त्यांनी तासभर शिव्या घातल्या आणि शेवटी बोर्डाची किल्ली त्याच्या हातात दिली.

बाबा घरी आले ते निम्मे होऊन आले. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. आईनं भात मऊ करून भरवला आणि ते जरा टेकून बसले तेव्हा मी भांडायलाच बसले. कितीतरी दिवस मनात साठलं होतं.

'शेजारच्याची नळी अडकली होती, कळलं,' मी म्हटलं. 'मग स्वतःचा मास्क कशाला काढायचा? तुम्हालाच श्वास येत नव्हता. मेला असतात तर?'

बाबांना प्रश्नच कळेना. माझ्याकडं बघत राहिले, जॉबरची पोर असून मी एवढीशी गोष्ट विचारतेय असं. मग हात उचलले.

'शेडमध्ये सगळे माग चालू असले की कुणाला काय ऐकू येतंय? माझं सोड, तुला तरी येईल काय? शेजारच्या मागासाठी मालकाला बोलवायचं तर आपला माग बंद करायचा. बंद मागाकडं मालक पळत येतो. चालू मागाकडं कोण बघतंय?'